युरोपातल्या जुन्या पायदळाचं हेल्मेट कसं ओळखायचं: मोरियन, कॅबासेट, बर्गोनेट आणि बाकीचे, स्टेप बाय स्टेप

परदेशातल्या कुठल्याही मोठ्या म्युझियममध्ये शस्त्रांच्या दालनात गेलात की सगळी गर्दी घोडेस्वाराच्या पूर्ण चिलखताभोवती असते, सोन्याचं काम केलेलं, राजाचं नाव असलेलं. बाजूच्या भिंतीवर ओळीने लावलेले साधे लोखंडी टोप लोक चालता चालता बघतात आणि पुढे जातात. मला उलट तेच टोप जास्त आवडतात कारण ते पगारी शिपायाचे आहेत, शेकड्याने ऑर्डर देऊन बनवून घेतलेले, आणि नीट बघितलं तर तो टोप साधारण कधी बनला, कुठल्या भागात बनला, कोणत्या कामाच्या शिपायाने घातला आणि नंतर त्यात कोणी काय दुरुस्ती केली हे बरंचसं लेबल न वाचता कळतं.

इथे आपण साधारण १४५० ते १६५० ही दोनशे वर्षं घेऊ. फिरायला जाणारे, नाटकासाठी किंवा शॉर्ट फिल्मसाठी प्रॉप बनवणारे, मॉडेल रंगवणारे, चित्र काढणारे, ऑनलाइन रेप्लिका घ्यायचा विचार करणारे, सगळ्यांना उपयोगी पडेल असं लिहितोय. आणि परदेशात जायलाच हवं असं नाही, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या साइटवर अशा हेल्मेट्सचे मोठे फोटो फुकट डाउनलोड करता येतात, खाली वजन, माप, कुठून आलं ते सगळं दिलेलं असतं. इंग्लंडमधल्या लीड्सच्या रॉयल आर्मरीजचं कलेक्शनपण ऑनलाइन आहे. एका बाजूला फोटो उघडा आणि एका बाजूला हे वाचा, म्हणजे डोक्यात बसेल.

पायरी १: आधी ठरवा, हे पायी लढणाऱ्याचं आहे की घोड्यावरच्याचं

ढोबळ नियम असा की तोंड पूर्ण झाकलेलं असेल, पुढचा भाग बिजागरीवर वर उचलता येत असेल आणि खाली गळ्याभोवती घट्ट बसत असेल तर ते बहुतेक जड घोडेस्वाराचं. समोरून भाला येतो, तो थेट चेहऱ्यावर येतो, म्हणून त्याला तोंड बंद लागतं. पायदळाचं काम वेगळं होतं. पाच मीटरच्या आसपास लांबीचा भाला म्हणजे पाइक घेऊन शेकडो माणसं खेटून उभी, ढोल आणि आरोळीवर पुढे मागे सरकायचं, म्हणजे कान मोकळे हवेत. बंदूकवाल्याला नेम धरायचा, पेटती वात सांभाळायची, दारू भरायची, म्हणजे डोळे मोकळे हवेत आणि खाली बघता आलं पाहिजे. शिवाय दिवसभर चालायचं असतं, बंद टोपात श्वास कोंडतो. त्यामुळे पायदळाचं हेल्मेट जवळपास नेहमी उघड्या तोंडाचं.

आता अपवाद. बर्गोनेट नावाचा प्रकार हलके घोडेस्वार आणि पायदळ दोघंही घालायचे. आणि १७व्या शतकातलं ते मागे एकावर एक पट्ट्यांची शेपटी असलेलं, पुढे चेहऱ्यावर उभी पट्टी किंवा पट्ट्या असलेलं हेल्मेट, जे इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या चित्रांमध्ये सारखं दिसतं, ते मुख्यतः घोडेस्वाराचं, ते बाजूला ठेवा.

पायरी २: समोरून नाही, बाजूने बघा

फोटो काढायचा असेल तर पहिला फोटो बाजूने काढा. ओळख ऐंशी टक्के तिथेच होते. तीन प्रश्न विचारायचे: डोक्यावर तुरा (पिसांचा नव्हे, पत्र्याचाच उभा कंगोरा) आहे का, काठ कसा आहे, आणि कानावर पट्ट्या आहेत का. आता एकेक प्रकार घेऊ, काळाच्या क्रमाने.

केटल हॅट. सगळ्यात सोपी. गोल टोप आणि चारी बाजूंनी रुंद काठ, खाली किंचित उतरता. हा प्रकार मध्ययुगापासून चालत आला आणि १५व्या शतकातही पायदळात भरपूर वापरात होता, विशेषतः किल्ल्याच्या तटाखाली काम करणाऱ्यांना, वरून दगड आणि बाण येतात तेव्हा रुंद काठ उपयोगी. बनवायला स्वस्त, घालायला हवेशीर.

सॅलेट. १५व्या शतकात सुरू झालेला. डोक्याला धरून बसतो, मागे मानेवर उतरतो. इटलीतला आखूड, जर्मनीतला मागे लांब टोक काढलेला. काहींमध्ये डोळ्यांसाठी आडवी फट असते, काही कपाळापर्यंतच असतात आणि चेहरा पूर्ण उघडा, धनुर्धारी आणि क्रॉसबोवाले असे उघडे घालायचे.

बार्ब्यूट. हा इटलीचा, १५व्या शतकातला, गाल आणि हनुवटीपर्यंत खाली येतो आणि पुढे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची फट. प्राचीन ग्रीक कोरिंथियन हेल्मेटसारखा दिसतो. ग्रीसमधल्या खाल्किस इथे व्हेनिसचं ठाणं होतं, ते १४७० साली ऑटोमन तुर्कांनी घेतलं, आणि पुढे १८४० साली तिथल्या किल्ल्यात बंद करून ठेवलेल्या जागेत जुन्या चिलखतांचा आणि टोपांचा मोठा साठा सापडला. त्यातले बरेच नमुने आज अथेन्सला आणि न्यूयॉर्कच्या मेटमध्ये आहेत. याचं महत्त्व हे की त्यातली बरीच सामान्य शिपायाच्या वापरातली हेल्मेट्स आहेत, आणि १४७० नंतर तिथे व्हेनिसचा शिपाई राहिलाच नाही, त्यामुळे त्या साठ्यातली इटालियन हेल्मेट्स त्या आधीची हे धरून चालता येतं. इतका चांगला तारखेचा पुरावा साध्या सैनिकी सामानाला फार क्वचित मिळतो, म्हणून मेटच्या साइटवर ते आवर्जून बघा.

कापासेते. स्पेनचा. बदामाच्या आकाराचा टोप, वर छोटं टोक, काठ पुढे मागे खाली झुकलेला. हा लक्षात ठेवा कारण पुढची दोन्ही प्रसिद्ध हेल्मेट्स, मोरियन आणि कॅबासेट, याच्याच घराण्यातली आहेत.

बर्गोनेट. साधारण १५२० नंतर सगळीकडे दिसायला लागतं. ओळख अशी की पुढे कपाळावर टोपीसारखी चोच, डोक्यावर तुरा, मागे मानेवर छोटा पत्रा आणि दोन्ही बाजूंना बिजागरीवर लटकणाऱ्या कानपट्ट्या, त्या हनुवटीखाली बांधायच्या. पायदळात चिलखत घालणारा पाइकवाला किंवा अधिकारी हे घालायचा. कानपट्ट्या पुष्कळदा हरवलेल्या असतात, त्या वेळी बाजूला बिजागरीची भोकं शोधा, ती असतील तर पूर्वी पट्ट्या होत्या.

मोरियन. हाच तो स्पॅनिश शिपाई म्हटलं की डोळ्यासमोर येणारा टोप. दोन ओळखी: काठ पुढे आणि मागे वर वळून टोकदार होतो आणि कानापाशी खाली उतरतो, आणि डोक्यावर कपाळापासून मानेपर्यंत उभा उंच तुरा, अगदी कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. म्युझियममध्ये लेबलवर याला कोम मोरियन लिहितात. काळ साधारण १५५० ते १६२०. तुऱ्याची उंची ही अंदाजाची चांगली खूण आहे, सुरुवातीला तुरा बुटका असतो आणि शतक संपत येतं तसा उंच होत जातो, शेवटी शेवटी तर निम्मं हेल्मेट तुराच. तुरा नुसता शोभेचा नाही हां, वरून तलवारीचा घाव आला तर तो घसरून बाजूला जातो आणि उभ्या घडीमुळे पातळ पत्र्याला ताकद येते. तुरा नसलेलं पण काठ तसाच वर वळलेला असाही प्रकार आहे, त्याला स्पॅनिश मोरियन म्हणतात.

कॅबासेट. बदामाच्या आकाराचा उंच टोप, काठ अरुंद आणि जवळपास सपाट, आणि माथ्यावर एक छोटा देठ जो मागच्या बाजूला वळलेला असतो. साधारण १५७० ते १६१०, उत्तर इटलीत प्रचंड संख्येने बनले. आज जुन्या वस्तूंच्या बाजारात खरं म्हणून जे मिळतं त्यात हे सगळ्यात जास्त, कारण बनलेच इतके. देठ मागे, हे पक्कं लक्षात ठेवा, ऑनलाइन फोटोत आणि नाटकांत बऱ्याचदा उलटं घातलेलं दिसतं. शंका आली तर पिसं खोचायची नळी शोधा, म्हणजे रिव्हेटने (टोक ठोकून पक्क्या केलेल्या खिळ्याने) बसवलेली छोटी पितळी किंवा लोखंडी नळी, ती पाठीमागेच असते.

पाइकमन्स पॉट. १६१० ते १६५०, इंग्लंड आणि हॉलंड. मोरियनचा शेवटचा वारसदार. तुरा एकदम बुटका, काठ रुंद आणि खाली झुकलेला, सगळं जाड आणि साधं. यावर नक्षी शोधत बसू नका, नसतेच बहुतेक.

मध्येच गोवा आणि जपान, कारण कॅबासेटचा विषय निघालाय

आपल्याकडे हे टोप आले का? पोर्तुगीज शिपायांबरोबर आले. १५७० मध्ये मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला, म्हणजे आजचा रेवदंडा, आणि त्याच वेळी आदिलशहाने गोव्याला. ते वेढे १५७१ पर्यंत चालले. ही बरोबर मोरियन आणि कॅबासेटच्या भरभराटीची वर्षं. म्हणून रेवदंड्याच्या तटावरच्या पोर्तुगीज शिपायाचं चित्र काढायचं असेल तर मोरियन किंवा कॅबासेट चालेल, बार्ब्यूट नाही आणि पाइकमन्स पॉट तर अजिबात नाही. आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या चित्रात हे कुठलंच चालणार नाही, तोवर युरोपातलं पायदळ कापडी हॅटवर गेलेलं होतं.

त्याच मार्गाने हे टोप आणखी पुढे गेले. लिस्बन, गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी. १५९१ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयच्या नावाने गेलेल्या शिष्टमंडळाने जपानच्या तोयोतोमी हिदेयोशीला जी नजराणं दिली त्यात मिलानच्या चिलखतांचे दोन संच होते. जपानी कारागिरांनी मग युरोपियन टोप घेतले, मागचा भाग पुढे केला, खाली मानेसाठी आपल्या पद्धतीच्या पट्ट्यांचा घेर जोडला आणि वर लाखेचं काम केलं. निक्कोच्या तोशोगू देवळात तोकुगावा इयेयासूचं म्हणून असं एक चिलखत जपलेलं आहे. अशा जपानी हेल्मेटवर देठ पुढे दिसला तर तो घोळ नाही, तिथली पद्धतच ती. जपानी विभागात गेलात तर मुद्दाम काठावर बघा, नव्याने पाडलेली भोकं आणि मूळ युरोपियन रिव्हेट शेजारी शेजारी सापडतात आणि एकाच टोपात दोन देशांचे हात दिसतात. मला तर या सगळ्या विषयात ही गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

पायरी ३: जोड शोधा

आता जवळ जा. इथून खरी मजा.

१६व्या शतकातलं चांगलं मोरियन एकाच पत्र्यातून ठोकून काढलेलं असतं. म्हणजे सपाट पत्रा घ्यायचा, तापवायचा, ऐरणीवर आणि वेगवेगळ्या आकाराच्या खुंट्यांवर हातोडीने ठोकत खोल करत न्यायचा, आणि त्याच पत्र्यातून वर तो उंच तुरासुद्धा उभा करायचा, कुठे न फाटता, कुठे न सुरकुतता. धातूकाम थोडंफार केलेल्या माणसाला विचारा हे किती अवघड आहे ते. आणि हे शिपायाच्या हेल्मेटवर केलंय, राजाच्या नाही! न्यूरेंबर्ग, ऑग्सबर्ग, मिलान, ब्रेशिया इथल्या कारखान्यांचा हात किती बसलेला होता ते यातून कळतं.

पुढे १७व्या शतकात हे परवडेनासं झालं. फौजा मोठ्या झाल्या, घाई आली, मग टोप दोन अर्ध्या भागांत बनवायला लागले, डावा आणि उजवा, आणि तुऱ्यावर एकाची कड दुसऱ्यावर दुमडून रिव्हेट मारायचे. म्हणून तुऱ्यावर बोट ठेवल्यासारखं नजर ठेवून पुढून मागे जा. जोड दिसला, रिव्हेटची ओळ दिसली, की बहुतेक करून १६०० नंतरचं. हा एकच मुद्दा मला वाटतं नक्षीपेक्षा जास्त उपयोगी आहे.

मग रिव्हेट. मोरियन आणि कॅबासेटवर काठाच्या जरा वर, टोपाच्या बुडाशी गोल फिरणारी रिव्हेटची ओळ असते, खाली पुष्कळदा पितळी फुलाच्या आकाराच्या चकत्या. लोकांना वाटतं सजावट आहे, पण त्या रिव्हेटनी आत चामड्याची किंवा कापडी पट्टी धरलेली असायची आणि त्या पट्टीला अस्तर शिवलेलं असायचं. अस्तर म्हणजे जाड लिननच्या आत लोकर वगैरे भरून शिवलेली गादीवजा टोपी, ती नसेल तर नुसतं लोखंड डोक्यावर घाव जसाच्या तसा पोचवतं. सॅलेट आणि बार्ब्यूटमध्ये हीच ओळ वर, कपाळाच्या उंचीला असते कारण टोप खोल असतो. अस्तरं फार कमी टिकली, त्यामुळे आतमध्ये अजून चामड्याचा तुकडा चिकटलेला दिसला तर थांबून बघा.

काठाची कडपण बघा. ती आत वळवलेली असते आणि वरून पीळ दिल्यासारख्या तिरक्या रेघा मारलेल्या असतात, दोरीसारखी दिसते. चांगल्या कामात या रेघा एकसारख्या आणि खोल, घाईच्या कामात उथळ आणि लांब लांब.

पायरी ४: आत डोकवा

म्युझियममध्ये हे नेहमी जमत नाही, पण कपाटाला आरसा असेल किंवा हेल्मेट उंच टांगलेलं असेल तर खाली वाकून बघाच. बाहेरून घासून पॉलिश केलेलं असलं तरी आत कोणी पॉलिश करत नाही. आत हातोडीचे ठोके तसेच असतात, काळपट, खडबडीत, एकावर एक. हाताने ठोकलेल्या पत्र्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, माथ्यावर आणि कपाळावर जाड, बाजूंना पातळ, कारण घाव कुठे येतो ते बनवणाऱ्याला माहीत होतं. तुऱ्याच्या आतली पोकळी, तिथल्या बारीक चिरा आणि जुने ठिगळ पण आतूनच दिसतात. लोखंडात मळी राहिलेली असते, तिथे गंज पदर सुटल्यासारखा लांबट येतो, आजच्या स्टीलवर तसा येत नाही.

वजनाचा अंदाज ठेवा. साधं मोरियन सव्वा ते पावणेदोन किलो, कॅबासेट त्याहून जरा हलकं. म्युझियमच्या साइटवर वजन दिलेलं असतं, चार किलो वगैरे दिसलं तर ते वेढ्याच्या कामाचं जाड हेल्मेट असू शकतं, तटाखाली खणणाऱ्यांसाठी, गोळी थांबवायला बनवलेलं, रोज घालून चालायचं नव्हे.

पायरी ५: रंग, नक्षी, शिक्के

सगळी हेल्मेट्स चकचकीत होती हा समज आधी काढून टाका. जर्मनीत स्वस्त मालाची एक पद्धत होती, भट्टीतून आल्यावर जो काळा थर असतो तो तसाच ठेवायचा किंवा काळा रंग द्यायचा, आणि फक्त काही पट्ट्या किंवा आकृत्या घासून पांढऱ्या करायच्या. काळं पांढरं काम म्हणतात त्याला. काम कमी, गंज कमी, आणि लांबून दिसतं छान. म्युनिकच्या शहर पहारेकऱ्यांची मोरियन्स याच पद्धतीची, दोन्ही बाजूंना पत्रा आतून ठोकून उठवलेलं मोठं लिलीचं फूल, ती मेरीमातेची खूण. तसलं फूल दिसलं की म्युनिक, १६व्या शतकाचा शेवट, असा पहिला अंदाज करायचा. फक्त सावध राहा, हाच नमुना पुढे नकलाकारांचापण फार आवडता झाला.

कोरीव वाटते ती बहुतेक नक्षी खरं तर आम्लाने खाल्लेली असते. पत्र्यावर मेणासारखा लेप द्यायचा, लोखंड जिथे खायचं तिथला लेप काढायचा, आम्ल सोडायचं. जर्मन कामात मागची जमीन बारीक बारीक ठिपक्यांनी भरलेली आणि काळी केलेली दिसते, आकृती उजळ. इटलीत १६व्या शतकाच्या शेवटी उभ्या पट्ट्यांमध्ये शस्त्रं, ढाली, चित्रविचित्र प्राणी यांची गर्दी असलेलं काम खूप झालं, त्याला संग्राहक पिसान म्हणतात, पण ते पिसा शहरात झालं असं धरू नका, मिलान-ब्रेशियाकडच्या कारखान्यांचा तो माल. जवळून ते काम भरड दिसतं, रेघा वाकड्या, पण ते असंच असायचं, शंभर हेल्मेट्सची ऑर्डर पूर्ण करायची होती.

याच्या वरचा दर्जा बघायचा असेल तर जर्मनीतल्या सॅक्सनीच्या इलेक्टरच्या, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याच्या, अंगरक्षकांची मोरियन्स शोधा, १५८० नंतरची, न्यूरेंबर्गच्या हान्स मिशेलने बनवलेली. काळी जमीन, सोन्याचा मुलामा, सॅक्सनीच्या राजचिन्हातल्या एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन तलवारी, आणि रोमन कथेतले दोन प्रसंग: हात आगीत धरणारा म्युसियस स्केवोला आणि घोड्यासकट दरीत उडी घेणारा मार्कस कर्टियस. मालकासाठी मरायला तयार राहा, हेच पहारेकऱ्याच्या डोक्यावर लिहून ठेवलंय. वेगवेगळ्या देशांच्या म्युझियम्समध्ये हे संच विखुरलेत, एकदा ओळखायला शिकलात की सगळीकडे ओळखू येतात.

शिक्के काठावर किंवा मागे मानेपाशी शोधायचे. गोलात एन अक्षर म्हणजे न्यूरेंबर्ग, पाइनचं फळ म्हणजे ऑग्सबर्ग. ही शहराची तपासणी झाल्याची खूण, शेजारी कारागिराचा वेगळा शिक्का असू शकतो. शिक्का आहे म्हणून अस्सल असं मात्र नाही, शिक्का मारणं सगळ्यात सोपं काम आहे, जोड, आतली बाजू आणि शिक्का तिन्ही एकच गोष्ट सांगत असतील तरच विश्वास ठेवा.

पायरी ६: चित्रांशी ताडून बघा, पण चित्राची तारीख बघून

सगळ्यात पसरलेली चूक म्हणजे स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या माणसांना मोरियन घालणं. त्याची मेक्सिकोवरची मोहीम १५१९ ते १५२१, दुसरा स्पॅनिश सेनानी पिझारो याने पेरूत इंका राजाला पकडलं १५३२ मध्ये, आणि उंच तुऱ्याचं मोरियन त्यानंतर वीसेक वर्षांनी रूढ झालं. त्या पहिल्या लोकांच्या डोक्यावर सॅलेट, केटल हॅट, कापासेते असायचे, आणि अंगात कित्येकांनी तिथलीच कापूस भरलेली जाड अंगरखी घातली कारण उकाड्यात ती बरी पडायची. नंतरच्या चित्रकारांनी आपल्या काळातलं हेल्मेट मागे नेऊन बसवलं आणि ते चित्र लोकांच्या मनात घट्ट झालं.

व्हॅटिकनला गेलात तर स्विस गार्ड, म्हणजे पोपचे अंगरक्षक, बघता, डोक्यावर लाल पिसं लावलेलं मोरियन. तुकडी १५०६ सालची आहे, आणि ६ मे १५२७ ला रोम लुटलं गेलं तेव्हा त्यातले १४७ गार्ड पोपचं रक्षण करताना मारले गेले, म्हणून आजही शपथविधी ६ मेलाच होतो. पण १५२७ मध्ये आजच्यासारखं मोरियन नव्हतं, आजचा गणवेश विसाव्या शतकात, कमांडंट ज्यूल रेपों यांच्या काळात जुनी चित्रं बघून ठरवला गेला. अलीकडे तर त्यांनी थ्रीडी प्रिंट केलेली प्लास्टिकची हेल्मेट्स घेतली, धातूच्या टोपात उन्हात तासन्‌तास उभं राहणं फार त्रासाचं होतं म्हणून.

चित्रांमध्ये चांगला पुरावा म्हणजे १६०७ साली हेगला छापलेली याकोब दे गेन यांची कवायतीची चित्रं. त्यात हलक्या बंदुकीवाल्याच्या डोक्यावर टोप आहे, पाइकवाल्याच्या डोक्यावर टोप आहे, आणि जड मस्केटवाला मात्र साध्या हॅटमध्ये. म्हणजे १६०० नंतर बंदूकवाले हळूहळू लोखंड टाकून देत होते, आधीच बंदूक, टेकू, दारूचं सामान इतकं ओझं, त्यात डोक्यावर दीड किलो कोण घेणार. रेप्लिका घालून रांगेत उभं करायचं असेल तर सगळ्यांना एकच हेल्मेट देऊ नका, कामाप्रमाणे वाटा.

पायरी ७: खरं, जुनी नक्कल की नवी रेप्लिका

नक्कल म्हणजे आजचीच असं नाही. १९व्या शतकात युरोपात मध्ययुगाचं वेड आलं होतं, १८३९ साली स्कॉटलंडमध्ये एग्लिंटन इथे खास जुन्या पद्धतीची घोडेस्वारांची स्पर्धा भरवली गेली, तिला चिलखतं पुरवणारा लंडनचा व्यापारी सॅम्युएल प्रॅट बनावट माल विकण्यासाठीही प्रसिद्ध आहे. पुढे म्युनिकच्या अर्न्स्ट श्मिटने इतक्या उत्तम प्रतिकृती केल्या की त्यातल्या काही जाणकारांनासुद्धा चकवतात. अशा जुन्या नकलेवर आता शंभर सव्वाशे वर्षांचा खरा गंज चढलाय, त्यामुळे नुसत्या जुनेपणावर जाऊ नका.

काय बघायचं? पत्र्याची जाडी सगळीकडे तंतोतंत सारखी असेल तर तो रोलिंग मिलचा पत्रा. आतून एकदम गुळगुळीत किंवा बारीक समांतर गोल रेघा असतील तर मशीनवर दाबून किंवा फिरवून काढलेला. तुऱ्यावर वेल्डिंगची रेघ ग्राइंडरने घासलेली असेल तर नवा. गंजाचे खड्डे सगळीकडे एकाच खोलीचे असतील तर आम्लाने मुद्दाम आणलेले, खरा गंज जिथे पाणी साचतं, अस्तराची पट्टी होती, रिव्हेटखाली, तिथे जास्त असतो. रिव्हेट सगळे एकसारखे गोल टोपीचे, आणि आत त्यांना धरायला काहीच नाही, अस्तराचा मागमूस नाही, तर ते नुसते शोभेला मारलेत. खऱ्यामध्ये उलट दोनचार रिव्हेट बदललेले, एखादा गायब, काठाला जुनी चीर आणि तिच्यावर आतून मारलेलं ठिगळ असं सापडतं.

नवी रेप्लिका घेण्यात काहीच वाईट नाही, नाटकाला तीच हवी. जगभर विकल्या जाणाऱ्या पुष्कळ रेप्लिका आपल्याच देशात बनतात, मेरठ, डेहराडून, रुरकी भागात. ऑर्डर देताना गेज, म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा, विचारा: १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, स्टेजसाठी आणि फोटोसाठी ठीक. तलवारबाजीचा सराव करणार असाल तर १६ गेज, म्हणजे १.६ मिलिमीटर, आणि आत नीट शिवलेलं अस्तर मागाच, नुसती दोन पट्ट्यांची जाळी नको. डोक्याचा घेर मोजताना आत जाड कापडी टोपी घालूनच मोजा. हनुवटीचा पट्टा चामड्याचा घ्या, बकल असलेला चालेल. आणि विक्रेत्याकडून बाजूचा, मागचा आणि आतला असे तीन फोटो आधी मागवा, बाजूच्या फोटोत काठ पुढे मागे नीट वर वळलाय का ते दिसतं, स्वस्त मालात तो वळणाचा भागच सपाट राहतो आणि मग मोरियन मोरियन वाटत नाही.

सराव कुठे करायचा

एका दिवसात हात बसवायचा असेल तर ऑस्ट्रियातलं ग्राझचं शस्त्रागार, लँडेसत्सॉयगहाउस. १७व्या शतकाच्या मध्यात बांधलेली इमारत, तुर्कांच्या सीमेवरच्या फौजेला सामान पुरवायचं कोठार, आणि आजही आत सुमारे ३२,००० वस्तू. तिथे एकेक हेल्मेट काचेत एकटं ठेवलेलं नाही, फळ्यांवर एकाच प्रकारची ओळीने आहेत, त्यामुळे एकाच ऑर्डरमधल्या दोन हेल्मेट्समध्ये कारागिराचा हात कसा बदलतो ते शेजारी शेजारी दिसतं. लंडनला असाल तर वॉलेस कलेक्शन, प्रवेश फुकट, तिथे नक्षीचं काम भारी आहे. माद्रिदला राजवाड्यातलं रेआल आर्मेरिया, फ्लॉरेन्सला स्टिबर्ट म्युझियम, ब्रेशियाला किल्ल्यातलं मार्झोली म्युझियम, शेवटचं खास कारण माल जिथे बनला तिथेच बघता येतो.

घरून करायचं असेल तर मेटच्या साइटवर मोरियन शोधा, दहा फोटो सेव्ह करा, लेबलचा भाग झाका आणि प्रत्येकासाठी एका ओळीत लिहा: प्रकार, तुऱ्यावर जोड आहे की नाही, रिव्हेटची ओळ कुठे, नक्षीची जमीन ठिपक्यांची की पट्ट्यांची, आणि शेवटी तुमचा वीस वर्षांच्या टप्प्यातला अंदाज. मग लेबल उघडा. जिथे अंदाज चुकला तिथला फोटो पुन्हा झूम करून तुऱ्यापासून सुरुवात करा.